दादूच्या हातचा नारळ

मित्रांनो, मी एक जुना नारळ आहे. जुना आणि अर्धा. माझी दुसरी बाजू माझ्याजवळ नाही. तुम्ही मला करवंटी म्हणाल. खुशाल म्हणा. पण करवंटी होण्यासाठी मी किती वाट पाहिली ते ऐकलंत, तर ते नाव जरा मायेने घ्याल.

मी वाढलो कोकणातल्या एका बागेत. तिथून घाट चढून चाकणच्या बाजारात आलो. आम्हा नारळांचं जगणं तसं उलटंच. मडकं फुटलं की त्याचं आयुष्य संपतं, आमचं तिथून सुरू होतं. भुईमुगाची शेंग घ्या, अंडं घ्या, गुळाची ढेप घ्या. फुटल्याशिवाय त्यांचा कोणाला उपयोग नाही. त्यामुळे बाजारात पोत्यावर बसल्या बसल्या मी एकच स्वप्न पाहत होतो. कोणीतरी मला घेऊन जावं आणि लवकर फोडावं.

मला घेतलं सारजाबाईंनी. चाकणजवळच्या एका वाडीत त्यांचं घर. घरात त्या आणि त्यांचा एकुलता एक मुलगा दादू, एवढीच माणसं. तेव्हा, म्हणजे पंचावन्न सालाच्या सुमारास, पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहिला होता. दादूला तिथे हंगामी काम लागलं होतं. तो निघाला त्या दिवशी सारजाबाईंनी मला हळदकुंकू लावलं, भैरोबाच्या देवळाकडे तोंड केलं आणि नवस बोलल्या, "देवा, माज्या दादूला कायम होऊ दे. त्याच्याच हातानं तुज्या म्होरं नारळ फोडीन."

त्या नुसतं 'नारळ फोडीन' म्हणाल्या असत्या, तर माझी गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांनी मुलाचा हात त्यात गुंतवून ठेवला. एकदा बोललेला नवस त्यांच्या घरात कोणी बदलत नसे. मला लाल फडक्यात बांधलं आणि चुलीच्या वरच्या आढ्याला टांगलं.

दिवस गेले. एकदा बाजाराहून परतताना रंगराव गाडीवान दारात थांबले आणि ओरडले, "सारजाबाई, त्वांड ग्वाड करा! दादू कायम झाला. कासारवाडीला खोली घेतलीय. सुट्टी भेटली की येतो म्हणालाय."

मी आनंदाने फडक्यातल्या फडक्यात हललो. आता दोन-चार दिवसांचा प्रश्न, असं मला वाटलं. मित्रांनो, मी किती भोळा होतो!

दिवाळी आली, दादू आला नाही. शिमगा आला, दादू आला नाही. निरोप तेवढे येत. कधी शिफ्ट बदलली, कधी ओव्हरटाइम लागला. सारजाबाई रोज भाकरी थापताना वर माझ्याकडे बघत आणि म्हणत, "यील, यील." मला सांगत होत्या की स्वतःला, ते मला कधीच कळलं नाही. माझ्या पोटातलं पाणी हळूहळू आटत चाललं होतं.

शेजारच्या गवराबाईंना हे बघवेना. त्या म्हणाल्या, "अगं, त्यो कायम झाला न्हवं? मग कशाला अडकून बसलीस? आमच्या ह्यांच्या हाती दे, आत्ता फोडून आणतील."

"न्हाई," सारजाबाई म्हणाल्या. "बोल दादूच्या हाताचा हाय."

खरं सांगतो, मला तेव्हा कोणाचाही हात चालला असता. फार कंटाळलो होतो मी.

मध्ये एकदा दादू आलाही. पण तो आला चुलता वारला म्हणून. घराला सुतक. सुतकात देवळाची पायरी चढायची नाही. दादू चुलीपाशी जेवायला बसला, त्याचं डोकं बरोबर माझ्याखाली होतं. आईने त्याला वाढलं, त्याने वर माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून भाकरी मोडली. सकाळी तो गेला. त्या दिवशी मी जेवढा आतून वाळलो, तेवढा चुलीच्या धुराने कधी वाळलो नव्हतो.

शेवटी चैत्रात भैरोबाची जत्रा आली आणि दादू आला. हातात पिशवी, पिशवीत नवाकोरा नारळ! त्याने मला आढ्यावरून काढलं, कानाशी धरून हलवलं आणि तोंड वाकडं केलं. "आई, ह्यो नासलाय. पाणीच वाजत न्हाई. मला वाटलंच व्हतं, म्हणून तर मी नवा आणलाय."

सारजाबाईंचा चेहरा उतरला. नवसाचा नारळ नासका निघाला तर देवाने तो नाकारला, असं आमच्याकडे समजतात. मग पोराची नोकरी टिकेल का? तो पुन्हा घरी येईल का? त्या माउलीने इतके दिवस हीच भीती पोटात ठेवली होती. तरी त्या म्हणाल्या, "नासका तर नासका. बोल ह्याचाच हाय. ह्योच फोड."

देवळापुढच्या दगडाजवळ दादूने मला उचललं. आणि मित्रांनो, जन्मभर ज्या क्षणाची वाट पाहिली, त्या क्षणी मी घाबरलो. आत माझं काय झालं होतं, ते मला तरी कुठे ठाऊक होतं?

मी दगडावर आदळलो आणि माझे दोन तुकडे झाले. पाण्याचा थेंबही सांडला नाही. पण मधून गडगडत बाहेर आला खोबऱ्याचा अख्खा गोटा, पांढराशुभ्र, कुठे डाग नाही.

दादू बघतच राहिला. सारजाबाईंनी गोटा उचलून कपाळाला लावला. म्हणाल्या, "त्यो नासला न्हवता रं. तुजी वाट बघून वाळला व्हता."

दादू तिथेच, दगडापाशी, खाली बसला. आईच्या पायाला हात लावला आणि लहान पोरासारखा रडला. मग गोटा फोडून सगळ्या वाडीला प्रसाद वाटला. फार गोड झालो होतो मी, असं गवराबाईसुद्धा म्हणाल्या.

जाताना दादूने माझी एक करवंटी बरोबर नेली. ती कासारवाडीच्या खोलीत आहे. म्हणे तो तिच्यात दाढीचा साबण ठेवतो! मी इथे चुलीजवळ मीठ सांभाळतो. नारळाचे तीन डोळे माझ्या बाजूला आले, म्हणून मी दाराकडे तोंड करून बसलेलो असतो. सारजाबाई मीठ घेतात आणि त्याही तिकडेच बघतात. मला माझ्या दुसऱ्या अर्ध्याची फार आठवण येते.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणीतरी तुमच्या हातासाठी एखादी वस्तू राखून ठेवली असेल. ती जुनी झाली म्हणून बाजारातून नवी नेऊ नका. लवकर घरी जा आणि तीच हाती घ्या. नारळ वाट पाहता पाहता गोड झाला, पण सारजाबाईंचे डोळे आता अधू झाले आहेत.