कुलकलंकिनीचे बूट

सरूला शिव्या द्यायला रोह्यात एकही बाई मिळेना.

तशी रोह्याच्या बायकांची तोंडं काही मुकी नव्हती. पण महिला मंडळाच्या नाटुकल्यात सरू झाली होती गेल्या शतकातल्या एका सुधारकाची बायको. पायांत बूट-मोजे, अंगात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं, हातात छत्री, अशी ती भर रस्त्यानं निघते आणि शास्त्रीबुवा तिला अडवून फैलावर घेतात, एवढंच नाटक. सरू शाळेत शिकवायची, वाचन दांडगं. नाटक तिनंच लिहिलं होतं आणि शास्त्रीबुवा लिहिले होते आपल्या आईसाठी. गिरजाबाईंचा आवाज चढला की आळीतली कुत्रीसुद्धा जागा बदलत. पण चैत्रात साध्या तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या आणि शास्त्रीबुवांच्या मिशा शेजारच्या बायजाबाईंच्या वाट्याला आल्या.

तेव्हापासून सगळी आळी सरूशी साईसारखी मऊ वागत होती. दूध उतू गेलं तर "असू दे गो", कपडे भिजले तर "असू दे गो". आपल्याला पुन्हा कुणी खेकसून बोलावं, असं तिला फार वाटे. पण हे मागायचं कुणाकडे आणि कोणत्या तोंडानं? निदान नाटकात तरी ऐकायला मिळेल, असा तिचा हिशेब होता.

तालमीत बायजाबाई मिशा सावरत पुढं आल्या आणि अंगाई म्हणावी तसं म्हणाल्या, "अगे कुलकलंकिनी... चामडं घालून धर्म बुडवतेस... जेवलीस का गो?"

"काकू, जेवणाचं त्यात नाही."

"मला ठाव हाय. पण तोंड बघ किती सुकलंय तुझं. बिनआईच्या पोरीला शिव्या देऊन मी ते पाप कुठं फेडू?"

पोलकं शिवणारी रशिदा कोपऱ्यातून म्हणाली, "बायजाबाय, माझ्यावर खेकसता तसं खेकसा की. काल फुग्याच्या बाह्या बघून काय म्हणालात? एका बाहीत तांदळाचं पोतं मावेल."

"तुझं येगळं. तू कापड खातेस."

प्रयोग होता पेणच्या मेळाव्यात. सगळ्याजणी एसटीनं गेल्या. बायकांच्या मापाचे बूट कुठं मिळेनात, म्हणून हैबतराव हवालदारांचे आणले होते. पुढं कापडाचे बोळे कोंबूनही ते सरूच्या पायाआधी वळत. बायजाबाई नऊवारी सोडायला तयार नव्हत्या, म्हणून धोतर तिच्यावरूनच गुंडाळलं होतं. शास्त्रीबुवा चांगले बाळसेदार दिसत होते.

पडदा वर गेला. सरू ठाक ठाक करत आली. पहिल्या रांगेतली एक म्हातारी कौतुकानं म्हणाली, "बूट बरे हायती गो. चिखलात कामाला येतील." धर्म बुडाल्याचं दुःख पेणेत कुणालाच झालेलं दिसेना.

शास्त्रीबुवांनी हळूच, जवळजवळ माफी मागत, तोंड उघडलं. "अगे कुलकलंकिनी..."

तेवढ्यात सरूचा बूट वळला, ती झोक जाऊन पुढं आली आणि हवालदारी टाच बायजाबाईंच्या करंगळीवर बसली. बायजाबाई कळवळून मागं सरल्या. धोतर मात्र बुटाखालीच राहिलं. ते सरसर सुटलं आणि पेणकरांसमोर शास्त्रीबुवा हिरव्या नऊवारीत उभे राहिले.

"अगो म्हशी!" बायजाबाईंचा आवाज मांडवाबाहेर गेला. "डोळे हायत का कवड्या? इथं माणूस उभा हाय का खांब? एवढी वाढलीस, चार बुकं वाचलीस, सरळ चालता येत नाय? आयशीनं हेच शिकवलं व्हय तुला?"

मांडवात हशा उसळला. बायजाबाईंनी मात्र जीभ चावली. अर्धी मिशी ओठावर लोंबत होती. "नाय गो बाय," त्या कुजबुजल्या, "तुझ्या आयशीचं नाव काढलं मी..."

सरूचा चेहरा छत्रीआड गेला होता. खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय, ते पडद्यामागच्या रशिदालाही कळेना.

"थांबू नका, काकू," छत्रीआडून आवाज आला.

"येडी का काय? पाय काढ आधी! नवऱ्याचं धोतर हाय ते, फाटेल!"

सरूनं पाय काढला नाही. उलट दुसराही बूट उचलून धोतरावर ठेवला.

"अगो सटवे!" म्हणत बायजाबाईंनी पदर खोचला.