दाराची आतली बाजू

माझी गोष्ट तीन महिने जिन्यात उभी होती. म्हणजे गोष्टीतली बाई उभी होती. हातात बॅग, बेल वाजवून झालेली, आणि पुढे काही केल्या सुचेना. संपादक फोनवर गोड बोलायचे, "ही शेवटची कथा आली की पुस्तक छापायला देऊ." मी "झालीच" म्हणायची आणि फोन ठेवून कपाट आवरायला घ्यायची. घर इतकं लख्ख झालं की नवरा म्हणाला, "पाहुणे येणार आहेत की आपण घर विकतोय?" मी त्याच्यावर खेकसले. सुचत नसलं की मी कुणावर तरी खेकसतेच, आणि तोच बिचारा जवळ असतो.

आली ती ताई. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मुलगा कामासाठी परगावी, म्हणून डोळ्यांत थेंब घालायला मीच तिला घेऊन आले. डोळ्यांवर काळा चष्मा, वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. ताई म्हणजे काही एका जागी गप्प बसणारी बाई नव्हे. दुसऱ्याच दिवशी तिने मला फैलावर घेतलं.

"एवढी मोठी लेखिका झालीस, बहिणीला एक गोष्ट ऐकव की."

"अर्धवट आहे गं."

"मग अर्धी ऐकव. फुकटात आणखी काय मागणार?"

खरं तर नाही म्हणायला हवं होतं, कारण ती गोष्ट आमचीच होती. पहिलं सासर सोडून मी बाहेर पडले तेव्हा सरळ ताईच्या दारात गेले होते. बेल वाजवली. आत कुकरची शिट्टी झाली, मग कुणीतरी गॅस बंद केला. दार काही उघडलं नाही. पुढे केव्हातरी ताई म्हणाली, "अगं, आम्ही सगळे लग्नाला गेलो होतो." मी म्हटलं, "असेल." त्या एका 'असेल'वर आम्ही तीस वर्षं काढली. तिने माझं दुसरं लग्न लावून दिलं, माझी बाळंतपणं केली, पण त्या संध्याकाळचा विषय दोघींनीही कधी काढला नाही. बाई जिन्यात का अडकली हे मला चांगलं ठाऊक होतं. खरं लिहावं तर ताई दुखावणार, आणि खोटं लिहायला हात धजत नव्हता.

लहानपणी ताई मला गोष्ट सांगायची तेव्हा मी 'हूं' म्हणत राहायचं, असा नियम होता. 'हूं' थांबलं की मी झोपले. आता काळ्या चष्म्यामागे तिचे डोळे उघडे की मिटलेले ते कळेना, म्हणून मी तिला तोच नियम लावला.

बाई घरातून निघाली. "हूं." शेवटची बस थोडक्यात मिळाली. "हूं." जिना चढली, बेल वाजवली. "हूं, हूं." आणि मग मी तोंडाला येईल ते भराभर सांगत सुटले, की मोठी बहीण धावत आली, तिने दार उघडलं, धाकटीला पोटाशी धरलं आणि म्हणाली, आता तू इथेच राहायचं.

हुंकार आला नाही.

"झोपलीस का?"

"जागी आहे," ताई म्हणाली. "पण हे खोटं आहे."

"गोष्ट आहे ती, ताई."

"असू दे. मी दार उघडलं नव्हतं. लग्नाबिग्नाला कुणी गेलं नव्हतं. मी दारामागेच उभी होते. दाराच्या भोकातून तू दिसत होतीस, एकसारखी बाहीने नाक पुसत होतीस. सासूबाई मागून मानेने नको नको करत होत्या. सगळं त्यांच्यावर ढकलता आलं असतं, पण त्यांनी काही माझा हात धरला नव्हता. मीच घाबरले. वाटलं, तुला आत घेतलं तर मलाही बाहेर काढतील. कडी काढली तेव्हा जिन्यात कुणी नव्हतं."

मला राग यायला हवा होता. रागाच्या बाबतीत माझी ख्याती आहे. पण मनात आलं ते एवढंच, की ती दारापाशी होती. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती आत स्वयंपाकघरात निवांत असणार. आणि ती तर माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती!

"रडू नकोस," मी म्हटलं. "डॉक्टर मला ओरडतील."

"रडतंय कोण? थेंबांनी चुरचुरतंय. हे लिहून टाक. आणि मला उगाच देवी करू नकोस. मी मेल्यावर लिहिशील, त्यापेक्षा मी असताना लिही."

त्याच दुपारी बसले. जिन्यातल्या बाईला जिन्यातच राहू दिलं आणि दाराच्या आतून सुरुवात केली. चहा गार झाला, नवरा दोनदा डोकावून पाय न वाजवता परत गेला, आणि माझा हात काही थांबेना. ताईचे माझ्यावर उपकार पुष्कळ आहेत, पण स्वतः कमीपणा घेऊन तिने त्या दिवशी मला जे दिलं, ते आईनेही दिलं नसतं. लिहिता लिहिता मी कितीदा तरी मनात तिच्या पाया पडले.

संध्याकाळी तिला सगळी गोष्ट वाचून दाखवली आणि कागद खाली ठेवले. "झाली गं, ताई. तुझ्यामुळे झाली."

चष्मा माझ्याकडे वळवून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तिने विचारलं, "त्या रात्री तू झोपलीस कुठे?"

मी तिच्याजवळ सरकून बसले आणि तिला सगळं सांगितलं.