धुवाल तेवढे पापी

बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना भाड्याच्या सभागृहाच्या सगळ्या खिडक्यांना काळे पडदे लावून माणसं आत अंधारात खेटून बसली होती. कारण त्यांना प्रकाश हवा होता.

ही गोष्ट त्यांच्यापैकी कुणालाही विचित्र वाटली नाही. वाटली असती तर ती माणसं आलीच नसती. पुढच्या रांगेत बँकेचे साहेब होते, त्यांच्या शेजारी शाळेच्या मोठ्या बाई, मागे केस कापणारा, वखारवाला, आणि सगळ्यांचे डोळे एकाच माणसाच्या कपाळावर खिळलेले. तो माणूस म्हणजे तेजोमहाराज. अंगात काळा झगा, डोक्याला मोठ्या कलिंगडाएवढं काळं मुंडासं, आणि मुंडाशात बरोबर कपाळावर बसवलेला काचेचा खडा. हा महाराजांचा तिसरा डोळा. पहिल्या दोन डोळ्यांना चष्मा होता.

"ये बाळा, जवळ ये," महाराज केस कापणाऱ्याला म्हणाले. "माझ्या डोळ्यासमोरून हात फिरव. नुसता फिरव, लावू नकोस. डोळा लाजतो."

केस कापणाऱ्याने हात फिरवला. खडा जागा झाला. त्यातून जांभळट, मेल्यासारखा उजेड निघाला आणि केस कापणाऱ्याची कॉलर निळीपांढरी पेटली. सभागृहाने मोठ्ठा श्वास घेतला.

"मानेवर पाप बसलंय! खोटं बोलतोस!"

"कधीकधी," तो रडवेला झाला. "गिऱ्हाइकाला म्हणतो, छान दिसतंय."

त्याच्यामागून वखारवाला गेला. कोळशाच्या धंद्यात कपडे धुणं म्हणजे वेळेचा अपव्यय, असं त्याचं मत होतं आणि त्या मताशी तो वर्षानुवर्षं प्रामाणिक राहिला होता. त्याच्या अंगावर काही म्हणता काही चमकलं नाही.

"निष्कलंक!" महाराज गहिवरले. वखारवाल्याला त्याच क्षणी मुख्य सेवक नेमून दारावर उभं केलं. शेजारच्या दोघींनी नाकाला रुमाल लावला, पण श्रद्धेने लावला.

तिसऱ्या रांगेत चिमटी बसली होती. हे तिचं खरं नाव नव्हे. पण घरची लॉन्ड्री, आणि पोरगी कपड्यांच्या चिमट्यासारखी बारीक व एकदा पकडलं की न सोडणारी, म्हणून तेच चिकटलं. एका बाजूला तिचा दादा, लॉन्ड्रीचा मालक. दुसऱ्या बाजूला वहिनी. वहिनीला लहानपणापासून दमा. छातीतली शिट्टी मागच्या रांगेला ऐकू जात होती. ती ओळखायला तिसरा डोळा लागत नव्हता, एक कान पुरे होता.

वहिनीने हात फिरवला आणि सभागृहातून किंचाळ्याच उठल्या. ती नखशिखांत पेटली होती. बाह्या, पदर, बोटं, नखांच्या कडा. अंधारात जणू नुसतं तिचं लुगडंच उभं होतं.

"छातीत सावली आहे पोरी तुझ्या," महाराज हळू आवाजात म्हणाले. "तो दम्याचा पंप ओढतेस ना? सावली तेच तर खाते! पुढच्या रविवारी पंप या पेटीत टाक आणि मोकळी हो. तोवर आठवडाभर धू. अंगावरचं, अंथरुणावरचं, घरातलं सगळं धू. डाग विझेपर्यंत धू."

पेटीत आधीच बऱ्याच जणांच्या गोळ्या होत्या, दोन चष्मे होते आणि एका आजोबांचं कानातलं यंत्र होतं. यंत्र काढल्यापासून आजोबांना महाराजांचं एकही वाक्य ऐकू आलं नव्हतं, त्यामुळे त्यांची श्रद्धा सर्वांत भक्कम होती.

दुसऱ्या दिवसापासून अख्खं गाव लॉन्ड्रीत लोटलं.

"दादा, ही चादर. डबल पावडर टाका, पाप आहे."

"माझ्या शर्टाला तिबल करा हो. मी सरकारी नोकरीत होतो."

दादाने दारावर पाटीच लावली : 'डबल पावडर करून मिळेल'. यंत्रं गरगरत होती, पावडरीची पोती फुटत होती, आणि पोत्यांतली पावडर यंत्रांत ओतायचं काम नेहमीप्रमाणे वहिनीचं. पांढरी धूळ उडायची, वहिनी खोकायची, पदराने तोंड झाकायची आणि पुन्हा ओतायची. पंपाकडे मात्र हात जात नव्हता.

"सवय करतेय," ती म्हणाली.

"कसली? श्वास न घेण्याची?" चिमटी उखडली. "दादा, तू काही बोलणार आहेस की नाही?"

"अगं, धंदा बघ ना किती वाढलाय. काहीतरी असणारच त्या महाराजांत."

"धंदा तुझा वाढलाय, दादा. त्याने त्याच्यात काही असल्याचं ठरत नाही."

बुधवारी दुपारी वहिनी पावडरीच्या पोत्यावर बसली ती उठेच ना. ओठ निळसर, खांदे वरखाली. चिमटीने पंप तिच्या तोंडात जवळजवळ कोंबला, दोनदा दाबला आणि तिची पाठ चोळत बसली. बऱ्याच वेळाने वहिनीला बोलता आलं.

"चिमटे, माझ्या आईला पण हाच आजार होता. पंप असून गेली ती. म्हणून वाटतं, दुसरं काहीतरी असेल गं. कुणाला तरी दिसत असेल."

चिमटीने पंप पुसून तिच्या पदराच्या गाठीत बांधला.

चिमटीची नोकरी बाजारपेठेतल्या एका दुकानात होती. डोंगरात जाणाऱ्यांसाठी तंबू, दोर, आणि वीज गेली की घाबरणाऱ्यांसाठी टॉर्च, असा माल. गुरुवारी नवी पेटी आली. कपाळावर पट्ट्याने बांधायचे छोटे दिवे. हात ओले असले, हातमोजे घातलेले असले तर बटण दाबायची भानगड नको म्हणून याला एक सोय होती : दिव्यासमोरून नुसता हात फिरवायचा, की तो लागायचा. लागोपाठ फिरवला, की उजेडाचा प्रकार बदलायचा.

चिमटीने मागच्या खोलीत जाऊन दिवा फळीवर ठेवला, शटर ओढलं आणि हात फिरवला.

खडा जागा झाला. म्हणजे, दिवा लागला. तोच जांभळट, मेल्यासारखा उजेड. आणि तिच्या बाह्या निळ्यापांढऱ्या पेटल्या. चिमटी दोरांच्या गुंडाळ्यांमध्ये उभ्याउभ्या पापी ठरली.

भानावर आल्यावर तिने हाताला लागेल ते उजेडात धरलं. जुना तंबू : निष्पाप. दोर : निष्पाप. तिचा धुतलेला रुमाल : महापापी. बिलाचा कोरा कागदसुद्धा चमकला, आणि बिलाच्या बाबतीत तिला महाराजांचं म्हणणं जवळजवळ पटलं.

"मालक!" ती बाहेर आली. "हा जांभळा उजेड कशाला असतो?"

"अतिनील आहे तो," दुकानाचे मालक वर न बघता म्हणाले. "अंधारात विंचू चमकतात त्याने. तंबू टाकायच्या आधी बघून घेतात लोक. नोटाही तपासतात."

"आणि पाप?"

"त्याची तक्रार अजून आलेली नाही."

घरी येऊन तिने दादासमोर दिवा लावला. दादाने आधी स्वतःच्या बाहीकडे बघितलं, मग पोत्याकडे.

"पावडर विकायला येतो ना तो पोऱ्या," तो शेवटी म्हणाला, "तो सांगायचा. पांढरे कपडे जास्त पांढरे दिसावेत म्हणून हिच्यात चमक घालतात. ती कापडाला धरून राहते." त्याने घसा साफ केला. "म्हणजे गाव चार दिवस पाप धुतंय आणि मी वरून डबल लावतोय."

"पाटीसकट," चिमटी म्हणाली.

पण वहिनी हटेना. "तुझा दिवा दिवा आहे गं. त्यांचा डोळा आहे. दिवा कुणीही आणेल, उद्या तू सूर्य आणशील. मी शब्द दिलाय."

आता जे करायचं ते त्या डोळ्यासमोरच करायला हवं होतं.

रविवारी सभागृह मागच्या वेळेपेक्षा गच्च. सगळे आठवडाभर धुऊन आलेले, त्यामुळे सगळे कधी नव्हे एवढे चमकत होते. मोठ्या बाई तर अशा उजळल्या की त्यांच्या उजेडात मागच्या बाईंनी पर्समधली किल्ली शोधली. महाराज खूश होते.

"पाप वर येतंय! शुभलक्षण! आणखी धुवा!"

वहिनी रांगेत होती. मुठीत पंप. घट्ट आवळल्याने बोटांची पेरं पांढरी झालेली. तिचा नंबर आला तशी चिमटी आडवी घुसली.

"आधी माझं बघा महाराज. मला घाई आहे, माझं पाप ताजं आहे."

तिने मांजरपाटाची एक लांब पट्टी पुढे धरली आणि खड्यासमोरून हात फिरवला. डोळा उघडला. पट्टीचा डावा अर्धा भाग चमकला. उजवा अर्धा ढिम्म.

"महाराज, या फडक्याने अर्धंच पाप केलंय का?"

महाराज धंद्यात मुरलेले होते. "फडकं नाही पाहायचं पोरी, फडक्याचा पूर्वीचा मालक पाहायचा. अर्ध्या आयुष्यात तो घसरला."

"पूर्वीचा मालक गिरणी आहे. काल ताग्यातून कापून आणलंय. उजवा भाग साध्या पाण्यात धुतला, डावा दादाच्या डबल पावडरीत." तिने खिशातून पुडी काढली, सोबत आणलेल्या बशीत ओतली आणि बशी खड्याखाली धरली. मूठभर पावडर चंद्रासारखी लकाकली.

सभागृहात चुळबुळ सुरू झाली.

"म्हणजे," बँकेचे साहेब सावकाश म्हणाले, "मी आठवडाभर टॉवेलसुद्धा तीनतीनदा धुतले ते..."

"ते स्वच्छ आहेत साहेब. एवढंच."

"सेवक!" महाराज गरजले. "हिला बाहेर काढा!"

वखारवाला निष्कलंक पावलं टाकत पुढे आला. तेवढ्यात चिमटीने खड्यासमोरून भराभर हात फिरवले. डोळा पांढरा झाला. महाराजांच्या कपाळातून स्वयंपाकघरातल्या बल्बसारखा उजेड पडला. मग लाल झाला. मग उघडझाप करू लागला : तीन छोट्या, तीन लांब, तीन छोट्या, पुन्हा तेच.

"ही संकटाची खूण आहे," चिमटी सभागृहाला म्हणाली. "डोंगरात अडकलेला माणूस अशी देतो. महाराजांचा डोळा मदत मागतोय. कुणीतरी जा."

वखारवाला गेला. त्याने चिमटीला हात लावला नाही. वाकून मुंडाशात डोकावला. "अहो महाराज," तो कुतूहलाने म्हणाला, "याला चार्जिंग कुठनं करता?" आणि उत्तर यायच्या आत त्याने मुंडासं उचललं. खाली ताणलेला पट्टा, कपाळावर पट्ट्याचा लाल वळ, आणि मध्ये तो दिवा, अजून मदत मागत असलेला.

"हा मला स्वप्नात मिळाला!" महाराज ओरडले.

"मग स्वप्नातलं बिल जपून ठेवा," चिमटी म्हणाली. "वॉरंटी असते त्याला."

हशा, शिव्या, खुर्च्यांचे आवाज, सगळं एकदम उसळलं. दादाने खिडकीकडे जाऊन एक पडदा फर्रकन ओढला. उन्हाची तिरीप आत आली आणि नेमकी वहिनीवर पडली. ती खुर्चीचा कठडा धरून उभी होती. खांदे वरखाली होऊ लागले होते. चिमटीला कळलं, फडक्याने सभागृह जिंकलं असेल, वहिनी नाही.

"वहिनी?"

वहिनी स्वतःच्या हातांकडे बघत होती. उन्हात ते हात चमकत नव्हते. पावडरीने सोलवटलेले, बोटांना भेगा पडलेले, रोजचे हात. तिने ते उलटेपालटे करून पाहिले. मग मूठ उघडली, पंप हलवला, तोंडाला लावला आणि दाबला. त्या गोंधळात तो एवढासा 'फुस्स' आवाज कुणाला ऐकू आला नसेल. चिमटीला आला.

थोडा दम परत आल्यावर वहिनी महाराजांसमोर गेली. "तुम्ही मला धुवायला लावलंत," ती म्हणाली. "त्या धुळीनेच आठवडाभर माझा जीव जात होता. तुम्हाला तीन डोळे, आणि एवढं दिसलं नाही?"

महाराज मागच्या दाराने गेले, पेटी तिथेच टाकून. लोकांनी आपापल्या गोळ्या आणि चष्मे ओळखून घेतले.

आता गोष्ट इथे संपवली तर गाव शहाणं झाल्यासारखं वाटेल, म्हणून सांगायला हवं : सोमवारी चिमटीच्या दुकानात तिघेजण येऊन गेले. दोघांना तो दिवा हवा होता, 'जावई घरी येणार आहे' म्हणून. तिसरे बँकेचे साहेब. त्यांनी हळूच विचारलं की फक्त दुसऱ्याच्याच अंगावर चमकेल असा प्रकार येतो का.

तेव्हा काम बाकी आहे. दिवा ही गुणी वस्तू आहे. तो वीज गेल्यावर जिना दाखवतो, दरीत अडकलेल्याला शोधतो, अंथरुणातला विंचू दाखवतो. चारित्र्य दाखवणारा दिवा अजून कुठल्याही कारखान्यात बनलेला नाही. कुणी तुमच्यावर उजेड पाडून तुमचे डाग मोजू लागला, तर लगेच डाग धुवायला पळू नका. त्याला विचारा, हा उजेड कुठून येतोय. खरं असेल ते दिवसाउजेडीही खरंच दिसेल. आणि कुणी तुमचं औषध मागितलं, तर आधी त्याच्याकडे डॉक्टरकीचा दाखला मागा. हे विचारायला तिसरा डोळा लागत नाही. आधीचे दोन उघडे असले तरी भागतं.