पंचावन्न किलोंपर्यंतच

मित्रांनो, मी एक जुना पोल आहे. बांबूउडीत खेळाडू ज्याच्या जोरावर उंच दांडीपलीकडे जातात, तो. अंबरनाथच्या बुवापाड्यात एका घराच्या पडवीत, छताखाली तीन खुंट्यांवर मी आडवा असतो. माझ्या नावावर एकही उडी नाही.

त्या रविवारी राजरत्न नेहमीसारखे स्टुलावर चढून मला ओल्या फडक्याने पुसत होते. कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर ते. खाली शेजारच्या पुतळाबाई ओली गोधडी घेऊन उभ्या.

"राजूभाऊ, एवढा लांब दांडा नुसता टांगलाय. माझी गोधडी तरी वाळू दे!"

"सरकारला लिहून दिलंय, पुतळाबाई. खेळाशिवाय दुसऱ्या कामाला वापरणार नाही म्हणून."

"सरकार येतंय होय बुवापाड्यात गोधड्या बघायला?"

दारात बसलेली राजरत्नांची मुलगी मनाली हसली. "पप्पा, उतरा आता. चहा गार झाला."

ते उतरले. मंगळवारी सकाळी ते झोपेतून उठलेच नाहीत.

बारा वर्षांपूर्वी मी परदेशात काचतंतूंपासून घडलो. अंगावर छापलं गेलं : पंचावन्न किलो. त्याहून जड माणसाने माझ्यावर उडी घेतली, तर मी मोडेन आणि तो पडेल. मनाली तेव्हा अकरावीत होती, वजन त्रेपन्न. मला तिच्यासाठीच मागवलं होतं.

मुंबईत उतरलो आणि गोदामात अडकलो. आयात शुल्क भरलं असतं, तर लगेच सुटलो असतो. पण होतकरू खेळाडूच्या साहित्याला शुल्कमाफी मिळते, हे राजरत्नांना कळलं होतं.

"भरून टाका की," गोदामातला कारकून म्हणाला.

"माफी हक्काची आहे साहेब. रीतसर घेईन."

मग क्लबचं पत्र, जिल्ह्याचं, राज्याचं. दर सुट्टीला ते नवा कागद घेऊन येत, मला लांबून बघत आणि परत जात. सहा महिने गेले.

शेवटी शेपटाला लाल फडकं बांधून टेम्पोतून मी बुवापाड्यात आलो. गल्ली गोळा झाली. पेढे वाटले. मित्रांनो, कौतुक म्हणतात ते मी तेवढंच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी राजरत्न उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या व्यायामशाळेतून वजनकाटा घेऊन आले. ते चपला काढत होते, तेवढ्यात आतल्या खोलीत मनालीने त्यांच्याच हत्यारपेटीतले लोखंडी नट दोन मोज्यांत भरले आणि स्वेटरखाली कमरेला बांधले. खोलीत मी होतो, म्हणून पाहिलं. काटा सत्तावन्नाच्या पुढे गेला.

राजरत्न काट्याशेजारीच बसले. "माझ्यामुळे झालं. शुल्क भरलं असतं, तर वेळेत आला असता. माझ्या हट्टापायी पोरीचा खेळ गेला."

मनालीने आत येऊन नट गुपचूप हत्यारपेटीत परत टाकले. त्या दिवशी मी खुंट्यांवर गेलो आणि दर रविवारी ते मला पुसत राहिले. पुसताना पंचावन्न या आकड्यावर त्यांचा हात थांबायचा.

ते गेल्यावरही रविवारी सकाळी अंगावरून ओलं फडकं फिरतं, त्या आकड्यापाशी थांबतं. खाली कुणीही नसतं.

आमच्यावरची धूळ फडक्याने जाते, मित्रांनो. खेळाचं साहित्य जपा, पण टांगून ठेवू नका. आणि घरातल्या माणसाला काही सांगायचं असेल, तर तो चहाला उतरतो तेव्हाच सांगा.

राजरत्नांच्या आठवणीतला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. आज रविवार. मनाली हत्यारपेटी घेऊन पडवीत आली. तिने नट एकेक करून स्टुलावर मांडले, फडकं पिळलं आणि वर हात केला. माझ्या आकड्यावर तिचा हात थांबला. तिथे आधीच ओल होती.

ती मोठ्याने म्हणाली, "पप्पा, माझं वजन त्रेपन्नच होतं. तुम्ही कागद जमवत होतात, तेव्हा मैदानावरच्या जुन्या पोलवरून मी पडले होते. मला उडायची भीती बसली होती, पप्पा. तुम्हाला उशीर झालाच नव्हता."