पहिल्या मापाला लाभ म्हणतात

मित्रांनो, मी एक जुनी अधोली आहे आणि मला राग आलेला आहे. आधीच सांगून टाकते. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना डोळ्यांत पाणी आणावं अशी रीत आहे म्हणे. मला पाणी सोसत नाही, लाकूड फुगतं. मला आपला रागच बरा.

अधोली म्हणजे दोन शेर धान्य मावणारं माप. मापटं हे माझं धाकटं भावंड, अर्ध्या शेराचं. चार मापटी माझ्या पोटात ओतली की मी काठोकाठ भरते. एवढं ध्यानात ठेवा, कारण सगळी भानगड याच चार मापट्यांवरून झाली.

निरवांगीच्या म्हस्कू सुताराने मला बाभळीच्या ओंडक्यातून कोरलं, काठाला लोखंडी पट्टी ठोकली आणि इंदापूरला नेऊन माझ्या बुडावर शिक्का मारून आणला. माझे मालक सोनबा, गावचे मापाडी. कुणाच्या खळ्यावर ज्वारीची रास पडली की सोनबांना बोलावणं यायचं. ते राशीसमोर बसायचे, पागोटं नीट करायचे, राशीला हात जोडायचे आणि पहिलं माप ओतताना म्हणायचे, "लाभ." एक नाही. लाभ. मग दोन, तीन, चार. आमच्या भागात सगळे मापाडी असंच मोजतात. पहिलं माप नुसतं मोजायचं नसतं, ते मागायचं असतं. पिकलं ते घरात टिकू दे, पोटाला पुरू दे, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं. आणि मोजणी संपली तरी मला रिती ठेवायची नाही, पालथी तर मुळीच घालायची नाही. तळाशी मूठभर दाणे राहू द्यायचे. बारा वर्षं मी असा मान घेतला. खोटं कशाला बोलू, मला तो फार आवडायचा.

मग एकदा बारामतीच्या बाजारातून परतताना मी गाडीतून खाली पडले आणि चाकाच्या लोखंडी धावेने माझ्या काठाचा टवका उडवला. अंगठ्याएवढी खाच पडली. तिच्यातून चिमूटभर दाणे सांडायचे. चिमूटभरच. दुसऱ्या कुणी चालवून घेतलं असतं. सोनबांनी त्याच दिवशी मला बाद केलं. लोकांच्या राशीत खोट नको, म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. पण पुढची तीन वर्षं मी कोनाड्यात पडून राहिले आणि माझ्यात कोंबडी अंडी घालू लागली, हे बरोबर होतं का? राशीवर मिरवलेली मी, आणि माझ्यात बसलेली ती कलकलणारी बया. बोलायचीच सोय नाही.

सन छप्पनच्या जूनमध्ये गावात बालवाडी निघाली. विनयाबाई नावाच्या तरुण बाई पुण्याहून शिकून आल्या होत्या. त्या घरोघर फिरल्या, पण पाट्या-पुस्तकं मागितली नाहीत. फुटकी मडकी, चिंचोके, चिंध्या, जुनी भांडी असलं काहीबाही मागत होत्या. सोनबांच्या घरी त्यांच्या कारभारणीने, धोंडाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, उकिरडा मागल्या अंगाला हाय. टोपलं देऊ का?" बाई हसल्या. चिडल्या नाहीत. तेव्हा मला त्या आवडल्या होत्या.

सोनबांनी कोंबडीला हुसकून मला बाहेर काढलं, पुसलं, वर मापटंही दिलं. म्हणाले, "ही मापाला चालायची न्हाय, बाई. काठ गेलाय."

"वाळूला चालेल, आबा," बाई म्हणाल्या.

आणि माझ्या मागोमाग सोनबांची नात आली, छबू. पाच वर्षांची. तिला शाळेत जायचं नव्हतं. पण तिच्या आबाची अधोली जाते म्हटल्यावर ती राखण करायला निघाली.

चावडीशेजारच्या खोलीतले ते पहिले दिवस मी विसरणार नाही. पंचवीस पोरं आणि पंचवीस प्रकारचं रडणं. संभाजी नावाचा एक गोळा तर उंबरा धरून बसला, सुटेचना. बाई त्याला ओढत बसल्या नाहीत. नीरेच्या पात्रातली वाळू त्यांनी उंबऱ्याजवळच ओतली आणि स्वतः त्यात हात खुपसून बसल्या. थोड्या वेळाने त्याचा एक हात सुटला. मग दुसरा. वाळूत हात घातल्यावर रडायला हात उरतात कुठे? पुढे मातीचे बैल झाले, चिंचोक्यांचे लहान-मोठे ढीग झाले, या लोट्यातलं पाणी त्या लोट्यात ओतणं झालं. निम्मं अंगावर सांडायचं. कुणी ओरडायचं नाही.

छबूने मात्र मला आणि मापट्याला कुणाच्या हातात दिलं नाही. वाळू भरायची, ओतायची, "लाभ, दोन, तीन, चार" म्हणायची. चार झाली तरी मी भरायचे नाही, कारण खाचेतून वाळू गळायची. दोन दिवस ती माझ्याकडे संशयाने बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने आपला अंगठा खाचेवर दाबला, संभाजीला ओतायला लावलं आणि ओरडली, "बाई, हितं बोट लावलं की पुरं भरतं."

मित्रांनो, तीन वर्षं मी कोंबडीची होते. त्या दिवशी मी पुन्हा अधोली झाले. एका पाच वर्षांच्या पोरीच्या अंगठ्याने. विनयाबाईंनी लाभ म्हणजे काय ते तिच्याकडून समजून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळा वर्ग लाभ म्हणून मोजू लागला, बाईसुद्धा.

आता रागाची गोष्ट.

महिनाभराने तपासणीला साहेब आले. पायात बूट. वाळूच्या कडेला थांबले आणि धोतरावर वाळू उडेल म्हणून दोन पावलं मागे सरले. मुलांना काय येतं, त्यांनी विचारलं. बाईंनी मोठ्या उमेदीने छबूला पुढे केलं. छबूने अंगठा लावला, मापटं उचललं आणि म्हणाली, "लाभ."

"काय?" साहेब म्हणाले.

"लाभ. दोन. तीन—"

साहेब हसले. तो हसण्याचा आवाज मला अजून टोचतो. "सुरुवातच चूक. एक कुठे गेला?"

"पयला लाभ असतो," छबू म्हणाली. आवाज खणखणीत होता, अजून तरी.

साहेबांनी मला उचललं, पालथं केलं आणि वाळू झटकून जमिनीवर ठेवलं. पालथीच. मग छबूला उभी करून दहा वेळा एक म्हणायला लावलं. ती सहा वेळा म्हणाली. सातव्या वेळी तोंडातून नुसती हवा आली. बालवाडी ही माती खेळायची जागा नाही, मुलांना ओळीत बसवा, अंक नीट शिकवा, असं साहेब बाईंना सांगत होते. छबू बाईंकडे बघत होती. मीही बघत होते, बुडाने का होईना. एक वाक्य पुरलं असतं. आमच्याकडे असं मोजतात, साहेब. एवढंच.

बाई म्हणाल्या, "चुकलं तिचं, साहेब. शिकवते मी."

साहेबांवर मी रागावलेच. पण त्यांना माहीत नव्हतं. बाईंना माहीत होतं. आदल्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या तोंडाने लाभ म्हटलं होतं. म्हणून माझा निम्म्याहून जास्त राग त्यांच्यावर आहे आणि तो मी कमी करून मोजणार नाही.

दुसऱ्या दिवशी वाळू खोलीबाहेर गेली. चिंचोके डब्यात गेले. मी आणि मापटं फळीवर, तीही पालथी आणि रिती. खाली पोरं हाताची घडी घालून एक, एक, एक म्हणत होती. संभाजी पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसला. छबू आलीच नाही. चार दिवस नाही, आठ दिवस नाही. फळीवरून मला दारातून येणारी प्रत्येक सावली दिसायची आणि एकही तिची नसायची.

नवव्या दिवशी सोनबा आले. पागोटं नीट केलं, जसं राशीसमोर करायचे. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"आमची अधोली न्यायला आलोय, बाई."

बाईंनी विचारलं, छबू का येत नाही.

"येत न्हाय. मोजत बी न्हाय. कोंबड्या डालताना रोज मोजायची, आता नुसती कोंबती. म्या इचारलं किती झाल्या, तर म्हणती, मला चुकतंय. एक मला बी येतो, बाई. खंड्यांनी माप घातलंय म्या. पर पयल्या मापाला आमी मागून घेतो. त्यात पोरीचं काय चुकलं?"

बाई फळीशी गेल्या. मग म्हणाल्या, "तिचं नाही चुकलं, आबा. मी घाबरले."

"मंग हे मला सांगून काय उपेग? तिच्याम्होरं म्हणा."

बाईंनी मला फळीवरून काढलं, सुलट केलं, मापटं माझ्यात ठेवलं आणि भर दुपारी मला कडेवर घेऊन सोनबांच्या घरापर्यंत चालत गेल्या. अर्धं गाव बघत होतं. एखादं पोर हरवून सापडावं तशी मी चालले होते. धोंडाबाई दारात होत्या. म्हणाल्या, "आता ग बया, उकिरडा परत आणला का?" पण बाजूला सरल्या.

छबू ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. बाई अंगणातल्या मातीत मांडी घालून बसल्या. त्यांनी तिला सांगितलं, तू बरोबर होतीस, मी साहेबांना घाबरले आणि चूक तुझ्या नावावर घातली. लहान मुलांना असं कुणी सांगत नाही, म्हणून छबूला काय करावं कळेना. बाईंनी मापटं मातीने भरून तिच्यापुढे धरलं.

छबूने हात मागे बांधले. "आदी तुमी म्हणा."

"लाभ," बाई म्हणाल्या. रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आणि ओतलं.

छबू खांबापासून सुटली. जवळ आली, माझ्यापुढे उकिडवी बसली, अंगठा खाचेवर दाबला.

"दोन," ती म्हणाली.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा, पुसा, सावलीत ठेवा. मला पुसू नका. मला हात लावा. लहान मुलांच्या हातून जे गळतं, फुटतं, सांडतं ते सांडू द्या. आणि तुमच्यासमोर कुणी त्यांना चूक म्हणत असेल, आणि ते चूक नाही हे तुम्हाला ठाऊक असेल, तर तोंड उघडा. नंतर मातीत बसून क्षमा मागता येते, मी पाहिलं आहे. पण त्या पोरीने नऊ दिवस मोजलं नाही, ते नऊ दिवस कुठल्या मापाने भरून आणाल?

विनयाबाईंवरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. वाळू मात्र खोलीत परत आली आहे, मी आणि छबूही परत आलो आहोत आणि संभाजीने उंबरा सोडला आहे. दिवाळीआधी साहेब पुन्हा तपासणीला येणार आहेत म्हणे.

येऊ देत. मी काठोकाठ भरलेली आहे आणि खाचेवर अंगठा आहे.