नेहमीची गोळी

मितालीने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि स्क्रीनवरच्या लाल ठिपक्याजवळ पेनाचं टोक नेलं.

"हे तुम्ही."

डॉक्टर गुरुदत्तने सँडविचचा घास कसाबसा गिळला. खाली निळ्या ठिपक्यांची दाटी होती. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगमधले आणि आसपासचे बाकीचे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, तिथे गुण्यागोविंदाने नांदत होते. त्याचा ठिपका मात्र वर, एकटाच, वाळीत टाकल्यासारखा.

"कशात आलाय एवढा पहिला नंबर?"

"ॲसिडिटीच्या गोळ्यांत."

मिताली फार्मासिस्ट होती. मेलबर्नजवळच्या क्लेटनला शिकलेली, मूळची नाशिकची. दवाखान्यादवाखान्यात जायचं, जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांशेजारी बसायचं आणि त्यांनीच लिहून दिलेल्या औषधांचे आकडे त्यांना दाखवायचे, हे तिचं काम. कुठलं औषध लागतं, कुठलं उगाच चालू राहतं, कुठे स्वस्तातलं तितकंच गुणाचं असतं, ते सांगायचं. आल्या आल्या ती इंग्रजीत बोलत होती तोवर गुरुदत्त फार सभ्य होता. ती मराठी निघाली आणि त्याला चिडायचा हक्क मिळाला.

"अगं, तीस वर्षं झाली मला इथे. लोकांच्या छातीत आग पडते म्हणून देतो, हौस नाहीये मला."

"हो सर. पण बहुतेकांना महिना-दोन महिनेच लागते ती. सुरू करण्यात काही चुकत नाही. थांबवायचं राहून जातं."

"एवढीशी गोळी. स्वस्तात स्वस्त."

"म्हणून तर कोणी बघत नाही तिच्याकडे," मिताली हसली. "स्वस्त असली तरी देशभर मिळून सरकारी खर्चाचा डोंगर होतो. आणि वर्षानुवर्षं घेतली तर अगदीच निरुपद्रवी पण नाही ना? बी-ट्वेल्व्ह कमी होतं, हाडं ठिसूळ होण्याचं आहे..."

"ते माहितीये मला."

"माहितीये हो काका." सरांचे काका कधी झाले ते तिलाही कळलं नाही. "तुम्ही फक्त दहा जणांची यादी काढा. प्रत्येकापुढे एक ओळ. कोणी सुरू केली, कशासाठी, आणि ते कारण अजून आहे का. बास."

ती गेली. पोरगी आपल्या मुलापेक्षा, वेदपेक्षाही लहान असेल, आणि आपल्याला गृहपाठ देऊन गेली, या विचाराने गुरुदत्त जरा वेळ फणफणला. पण तो हाडाचा अभ्यासू. दुपारी दोन पेशंटच्या मध्ये फट मिळाली तशी त्याने यादी काढलीच.

पहिला मारियो, स्टीलवर्क्समधून निवृत्त झालेला. अल्सर फुटून रक्त गेलं होतं, गोळी चालूच राहायला हवी. गुरुदत्तने विजयी मुद्रेने तसं लिहिलं. दुसऱ्यालाही सबळ कारण सापडलं. तिसरी जोन. २०१६ मध्ये गुडघ्यासाठी पेनकिलर दिली, तिने पोट बिघडू नये म्हणून ही गोळी सोबत. पुढे गुडघा बदलला, पेनकिलर बंद झाली. गोळी चालू. घर पाडलं तरी रखवालदार आपला फाटकाशी बसून पगार घेतोय, अशातली गत. चौथ्याचं तेच. पाचव्याचं कारण सापडलंच नाही. आठव्या नावापर्यंत गुरुदत्त सुतासारखा सरळ झाला होता.

दारावर टकटक करून विनीताने डोकं आत घातलं. ती त्याची क्लिनिकमधली पार्टनर. आपल्या घरच्यांना आपण औषध लिहायचं नाही, हा नियम तो पाळायचा, म्हणून त्याची बायको नीरजा विनीताची पेशंट होती.

"गुरू, नीरजाची स्क्रिप्ट संपली होती ना? नव्या प्रिस्क्रिप्शनचं टोकन पाठवलंय तुझ्या फोनवर. नेहमीचंच."

"थँक्स."

ती गेली. गुरुदत्तने फोन उघडला आणि वाचलं. पॅन्टोप्रॅझोल. तीच गोळी.

मितालीचे प्रश्न त्याच्यापुढे आपसूक उभे राहिले. कोणी सुरू केली? कागदोपत्री विनीताने, पण सांगितलं त्यानेच. कशासाठी? चौदा वर्षांपूर्वी नीरजाचा खांदा आखडला होता. वेद युनिव्हर्सिटीत शिकायला मेलबर्नला गेला त्या वर्षी. दोन महिने पेनकिलर घेतली तिने, सोबत ही. खांदा बरा झाला. अजून कारण आहे का?

आणि मग त्याला तिचं मनगट आठवलं. गेल्या हिवाळ्यात नॉर्थ बीचजवळ ओल्या फूटपाथवर पाय घसरून ती पडली, हातावर भार आला आणि हाड मोडलं. नुसती उभ्याने पडली होती. एवढ्याने मोडावं?

गोळीचा आणि हाडांचा संबंध किती कच्चा आहे, हे त्याला पाठ होतं. संबंध दिसतो, पण तेच कारण असं छातीठोक सांगता येत नाही. घाबरलेल्या पेशंटना त्याने हे कितीदा तरी शांतपणे समजावलं होतं. आज मात्र स्वतःला ते पटवता येईना. बाहेरच्या दहा जणांची यादी करत बसलो, आणि घरच्या माणसाला चौदा वर्षं फुकट औषध चारलं.

तो केमिस्टकडे गेला. केमिस्टने त्याला पाहताच खोकं काढून ठेवलं. नको म्हणायचं त्याच्या जिभेवर आलं होतं, पण नीरजाला सांगितल्याशिवाय कसं नको म्हणायचं? खोकं खिशात घालून तो घरी आला.

नीरजा मागच्या अंगणात बसली होती. टेबलावर तांदळाचं भांडं, आणि त्यात मनगटापर्यंत हात. फिजिओने सांगितलेला व्यायाम. तांदूळ मुठीत घ्यायचे, सोडायचे. मागे सूर्य डोंगराच्या कडेकडे झुकला होता. ती युनीत स्टॅटिस्टिक्स शिकवायची. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली, तरी हाताच्या मुठी मोजल्याशिवाय करत नव्हती.

"अठरा, एकोणीस... आज लवकर?"

गुरुदत्त तिच्याशेजारच्या खुर्चीवर बसला आणि खोकं टेबलावर ठेवलं. मग त्याने सगळं सांगितलं. लाल ठिपका, यादी, जोन, पेनकिलर. सगळ्यात शेवटी तिचं मनगट.

"माझी चूक आहे, नीरजा. खांदा बरा झाला तेव्हाच बंद करायला हवी होती. कदाचित तुझं हाड..."

"कदाचित काय? दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नसतं, हे वीस वर्षं पोरांच्या डोक्यात कोंबलंय मी." तिने तांदळातून हात काढून झटकला. "आणि इथे तर एकत्र पण नाही दिसल्या. मी कुठे घेते ती गोळी?"

गुरुदत्तने टेबलावरच्या खोक्याकडे पाहिलं.

"म्हणजे?"

"खांदा बरा झाला त्या दिवाळीतच सोडली. आतलं पत्रक वाचलं ना मी. पेनकिलर बंद, तर ही कशाला?"

"आणि दर महिन्याला मी आणतो ते?"

"साठलं की फेअरी मेडो भागातल्या केमिस्टकडे नेऊन देते. जुनी औषधं परत घेतात तिथे. आपल्या केमिस्टकडे दिली असती तर त्याने तुला सांगितलं असतं."

गुरुदत्तला एकदम हायसं वाटलं. हाड त्या गोळीने मोडलं नव्हतं, आपल्यामुळे मोडलं नव्हतं. पुढच्याच क्षणी त्याला त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

"अगं पण मला सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. दोनदा." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तू 'हं' म्हणालास आणि पुढच्या महिन्यात घेऊन आलास. मग म्हटलं, जाऊ दे."

"जाऊ दे काय? चौदा वर्षं?"

नीरजाने खोकं उचललं, उलटसुलट केलं, परत ठेवलं.

"वेद गेल्यावर तू क्लिनिकमध्येच राहायला लागलास, गुरू. ब्रेड विसरायचास, माझा वाढदिवस विसरलास एकदा. हे मात्र कधी विसरला नाहीस. महिना संपायच्या आत टेबलावर. मला वाटायचं, निदान हे आणताना तरी माझी आठवण होत असेल."

आठवण कसली, केमिस्ट खोकं काढून ठेवायचा आणि हात आपोआप पुढे व्हायचा. हे तिला सांगण्याची त्याची छाती झाली नाही. देशाचे पैसे, मितालीचे आलेख, सगळं त्याच्या डोक्यातून केव्हाच गेलं होतं. शेजारच्या अंगणात कोणीतरी लॉनमोअर सुरू केला, थोडा वेळ चालवला आणि बंद केला.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "खरंच काही होतंय का तुला? म्हणजे, काही त्रास?"

"कोण विचारतंय? डॉक्टर?"

"मी विचारतोय."

नीरजा हसली. मग हसू मावळलं, आणि ती जरा वेळ तांदळात बोटं फिरवत राहिली.

"डाव्या कानाने फार कमी ऐकू येतं. रिटायर झाले तेव्हापासून. तू त्या बाजूला बसलास की अर्धं अंदाजानेच घेते."

गुरुदत्त तिच्या डाव्या बाजूला बसला होता. कानात मळ असेल, तपासून घेऊ, विनीताला सांगून तज्ज्ञासाठी चिठ्ठी घेऊ, अशी तीन उत्तरं त्याच्या ओठांवर तयार होती. त्याने ती तशीच गिळली. उठला, खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून तिच्या उजवीकडे आणून ठेवली आणि बसला.

"सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून."