शेडमधून आलेलं उत्तर

त्या वर्षी टॅन्याने घरात तार ओढली. निळी, जाड. स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघालेली ती अंगण ओलांडून थेट बाबांच्या शेडमध्ये शिरायची. एक कॉम्प्युटर आईच्या ओट्यापाशी, दुसरा शेडमध्ये. इंटरनेटची फोनलाईन शेडमधल्याला.

टॅन्याच्या आईला, ग्लेनिसला, आजही ती तार आठवली की हसू येतं. आता हातातला फोनसुद्धा बोट लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. तेव्हा कसलं कुलूप नि कसलं काय! ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या छोट्या गावात, स्ट्रीकी बेमध्ये, मागचं दार कुणी लावायचं नाही, गाडीची किल्ली गाडीतच लटकायची. टॅन्याने तारेचंही तसंच ठेवलं. सगळं सताड उघडं.

मासेमारीची बोट विकल्यापासून तिचा नवरा मर्व्ह शेडमध्येच असायचा. जुने रेडिओ खोलायचे, जोडायचे. घरात आला की हं, हूं. बस्स. बायकोशीही तेवढंच.

पण त्या तारेने कमाल केली. ग्लेनिसने ओट्यापाशी टाइप केलं, 'चॉप्स झालेत', की शेडच्या पडद्यावर करड्या चौकटीत ते टपकन उमटायचं. मर्व्ह उत्तर द्यायचा. आधी नुसतं 'आलो'. मग 'आलो, गुडघा धरलाय'. मग एकदा, 'वारा दक्षिणेचा आहे, आज निघालो असतो'. तोंडातून जे निघत नव्हतं ते बोटांतून निघायला लागलं. इकडे बटाटे करपायचे, ही वाचत बसायची.

आणि एका दुपारी तिने काही न विचारताच हे आलं :

'हो, वाटतं एकटं. बोट गेल्यापासून. तू समोर असतेस तेव्हासुद्धा. रागावू नकोस.'

ग्लेनिसने गॅस बंद केला आणि ते पुन्हा वाचलं. मर्व्ह खिळे आणायला दुकानात गेल्यावर ती टॅन्याला घेऊन शेडमध्ये गेली. पडद्यावर चौकट तशीच होती. 'एकटं वाटतंय? आजच बोला. पहिली पाच मिनिटं फुकट.' खाली कसलासा नंबर.

"आई, हे तू पाठवलंयस?"

"मी? मी कशाला फुकट बोलतेय!"

टॅन्याचा चेहरा उतरला. "बाहेरून आलंय हे. तुझे चॉप्स जातात त्याच वाटेने. आज जाहिरात आली, उद्या कुणी आत घुसेल. बोटीच्या पैशांचं बँकेतलं खातं बाबा इथेच बघतात ना? मी बंद करते."

"फक्त बाहेरचं कर की बंद."

"तेवढं येत नाही गं मला. बंद केलं की तुमचंही बंद."

"आपण मागचं दार तरी कधी लावलंय?"

"मागच्या दाराबाहेर सगळी ओळखीची माणसं आहेत, आई. ह्याच्याबाहेर अख्खं जग उभंय."

ग्लेनिसने मनात हिशेब केला. चौकट गेली की नवरा परत हं, हूंवर येणार. त्यात आपण जाहिरातीला उत्तर दिलं हे त्याला कळलं, तर लाजेने तेही बंद. पण पोरीचंही खोटं नव्हतं.

"कर बंद," ती म्हणाली. "त्याला मी सांगते."

संध्याकाळी ती शेडच्या दारात उभी राहिली. "मर्व्ह, ते मी नव्हतं विचारलं."

"माहितीये."

"माहितीये?"

"तू असं विचारशील होय! तू विचारतेस, ओले मोजे कुठे टाकलेस."

तिला हसू आलं आणि रागही. "मग उत्तर मला कशाला धाडलंस?"

मर्व्हने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "कुणीतरी विचारलं, ग्लेन. मग सांगावंसं वाटलं. त्या नंबरवाल्याला काय सांगू? त्याने माझी बोट पाह्यलीय का?"



"टॅन्याने बंद केलंय सगळं," ती म्हणाली.

"बरं केलं." मग मान खाली घालून, "बसतेस का जरा? तोंडाने यायला वेळ लागतो मला."

रेडिओचे सुटे भाग बाजूला सारून तिने बाकावर जागा केली. स्वयंपाकघरातून टॅन्या गळा ताणून जेवायला हाका मारत होती. दोघांतलं कुणीही उठलं नाही.